काम करूं शकतों, काम करूं शकत नाहीं



आजच्या भाषणाचा विषय प्रथम ऐकतांना थोडा विनोदी वाटेल. एक मनुष्य सोमवारीं सकाळीं एका सरकारी कागदावर सही करतो कीं, मी काम करण्यास समर्थ आहें, काम मिळालें तर उद्यांपासून हजर होईन, आणि काम शोधीतही आहें. त्याच आठवड्यांत, बहुधा त्याच टेबलाशीं बसून, तो दुसऱ्या एका सरकारी कागदावर सही करतो कीं, माझी प्रकृति अशी बिघडली आहे कीं मला काम करतां येत नाहीं. पहिला कागद बेकारभत्त्याचा, दुसरा अपंगत्वभत्त्याचा. दोहोंवर नांव एकच, सही एकच. ऐकणारा सहज म्हणेल कीं यांपैकीं एक कागद खोटा असलाच पाहिजे. तसें असलेंच पाहिजे असें नाहीं, हें मला आज दाखवावयाचें आहे. परंतु या दोन सह्या कोणी निष्काळजीपणानें केल्या तर त्यांतून केवढें संकट ओढवतें, तेंही सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

हा प्रश्न अमेरिकेंत जितक्या तीव्रतेनें उभा राहिला तितका दुसरीकडे क्वचितच राहिला असेल, म्हणून मी मुख्यतः तिकडचीच हकीकत सांगणार आहें. आपल्यापैकीं कित्येकांचे मुलगे, मुली, भाचे तिकडे कायमचे राहिले आहेत. त्यांतील पुष्कळांची साठी जवळ येत चालली आहे. आणि नोकरी जाणें व प्रकृति जाणें या दोन गोष्टी उतारवयांत बहुधा एकामागोमाग एक येतात. तेव्हां विषय अगदींच परका नाहीं.

१४ ऑगस्ट १९३५ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं सामाजिक सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. महामंदीनें लाखो लोकांच्या हातचें काम गेलें होतें. त्या कायद्यानें म्हातारपणाचें वेतन मध्यवर्ती सरकारनें आपल्याकडे घेतलें. बेकारी विम्याची चौकट तेवढी घालून दिली, आणि भत्ता किती द्यावा, किती आठवडे द्यावा, कोणास द्यावा, हें ठरविण्याचें काम एकेका राज्याकडे सोंपविलें. अपंगत्वाचा विमा त्या वेळीं नव्हताच. तो यावयास १९५६ साल उजाडावें लागलें. अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या सहीनें तो आला, आणि तोही प्रथम पन्नाशी गांठलेल्यांपुरताच. वयाची ही अट १९६० सालीं गेली. म्हणजे एक विमा राज्याचा, दुसरा मध्यवर्ती सरकारचा. कायदे वेगळे, कचेऱ्या वेगळ्या, वर्गणीचे निधि वेगळे. एका कायद्यानें 'समर्थ' हा शब्द योजिला, दुसऱ्यानें एकवीस वर्षांनंतर 'असमर्थ' हा शब्द योजिला, आणि हे दोन्ही शब्द एकाच माणसाला एकाच दिवशीं लागू पडतील काय, याचा विचार कोणीं केला नाहीं. आजच्या साऱ्या गोंधळाचें मूळ येथें आहे.

मधल्या काळांत काय होई, तें पाहण्यासारखें आहे. गिरणींतून कमी केलेला मजूर बेकारभत्ता घेत असे. एखाद्या आठवड्यांत तो न्यूमोनियानें अंथरुणाला खिळला, कीं तो 'काम करण्यास समर्थ' राहात नसे आणि भत्ता त्याच आठवड्यापासून बंद होई. गरज वाढली, औषधाचा खर्च वाढला, आणि नेमकी त्याच वेळीं मिळकत थांबली! ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याला हा अन्याय प्रथम डोळ्यांत खुपला. त्यानें १९४२ सालीं तात्पुरत्या आजारपणासाठीं निराळा विमा काढला. १९४६ मध्यें कॅलिफोर्नियानें, १९४८ मध्यें न्यू जर्सीनें आणि १९४९ मध्यें न्यूयॉर्कनें तोच मार्ग धरला. कॅलिफोर्नियांत अद्यापही नियम सरळ आहे: ज्या दिवसांसाठीं आजारपणाचा भत्ता घेतला त्या दिवसांसाठीं बेकारभत्ता नाहीं; बरे झालांत म्हणजे पुन्हां बेकारांच्या यादींत या. दोन भत्त्यांमध्यें भिंत आहे, पण भिंतीला दार आहे. बहुसंख्य राज्यांनीं मात्र असा विमा त्या काळीं काढला नाहीं, आणि तेथील मनुष्याला १९५६ नंतर मध्यवर्ती सरकारच्या अपंगत्व-विम्याकडेच वळावें लागलें. हा विमा तापखोकल्यासाठीं नाहीं. विकार बारा महिने तरी टिकणारा, किंवा प्राणांतिक, असला पाहिजे. आणि त्यामुळें त्या माणसाला भरीव अर्थार्जन करतां येऊं नये.

या 'भरीव' शब्दाला सरकारनें डॉलरांत मोजमाप दिलें आहे. २०२५ सालीं तें महिना १,६२० डॉलर होतें, अंधांसाठीं २,७००. म्हणजे महिना हजारभर डॉलर मिळवणारा मनुष्यही या कायद्याच्या दृष्टीनें अपंग असूं शकतो. सामान्य बोलण्यांत 'काम करतां येत नाहीं' याचा अर्थ हातपाय हलवतां येत नाहींत असा होतो. कायद्याच्या बोलण्यांत तो तसा नाहीं. पहिली फट येथें पडते.

दुसरी फट याहून मोठी आहे. अपंगत्वाचा निर्णय पांच पायऱ्यांनीं होतो. मनुष्य सध्यां भरीव मिळकत करतो काय? त्याचा विकार गंभीर आहे काय? तो सरकारी यादींतील विकारांच्या तोडीचा आहे काय? त्याला आपलें पूर्वींचें काम करतां येईल काय? आणि शेवटीं, तें येत नसल्यास, देशांत आढळणारें दुसरें कोणतेंही काम त्याला जमेल काय? या पांचव्या पायरीवर केवळ शरीराकडे पाहात नाहींत. वय, शिक्षण व पूर्वींचा अनुभव हींही पाहतात, आणि त्यासाठीं एक कोष्टकच करून ठेवलें आहे. १९८३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें वैध ठरविलें. पन्नाशीच्या आंतल्या माणसाला कोष्टक फारशी सवलत देत नाहीं. पन्नाशीनंतर तें मऊ होतें, पंचावन्नानंतर आणखी मऊ. छप्पन्न वर्षांच्या मजुरानें आतां नवा धंदा शिकून नव्या जागीं बसावें, ही अपेक्षा अवाजवी आहे, एवढें शहाणपण त्या रुक्ष कोष्टकांत साठविलेलें आहे. सरकारी कागदांतही कधींकधीं माणुसकी सांपडते, ती अशी.

आतां एक गृहस्थ कल्पनेनें डोळ्यांपुढें आणा. वय छप्पन्न. ओहायोमधील एका गुदामांत तीस वर्षें माल चढविण्याउतरविण्याचें काम. शिक्षण हायस्कूलपर्यंत. पाठीच्या कण्याचें दुखणें वाढत गेलें, आणि डॉक्टरांनीं बजावलें कीं वीस पौंडांहून अधिक वजन उचलूं नका. त्याच सुमारास मालकांनीं गुदाम बंद केलें. हे गृहस्थ बेकारभत्त्याच्या कचेरींत जातात. तेथें त्यांना जुनेंच काम करतां येतें काय असें कोणी विचारीत नाहीं. त्यांच्या योग्यतेचें कांहीं तरी काम त्यांना करतां येतें काय, तें त्यांना हवें आहे काय, आणि तें ते शोधीत आहेत काय, एवढेंच विचारतात. ते म्हणतात, होय. दुकानांत पैसे घेण्याचें काम करीन, फाटकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवीन. हें अक्षरशः खरें आहे. त्याच आठवड्यांत ते अपंगत्वाचा अर्ज करतात. तेथें कोष्टक काढून पाहिलें तर छप्पन्न वर्षांचा, हायस्कूलपर्यंत शिकलेला, जड अंगमेहनतीखेरीज दुसरें कौशल्य नसलेला आणि हलक्याच कामापुरता उरलेला मनुष्य 'अपंग' ठरतो. हेंही अक्षरशः खरें आहे. फाटकावर बसण्याची त्यांची शक्ति कोष्टक नाकारीत नाहीं; त्या शक्तीवर त्यांचा चरितार्थ चालेल अशी अपेक्षा ठेवणें तें नाकारतें. दोन्ही सह्या प्रामाणिक, आणि तरी दोन्ही कागद शेजारीं ठेवले तर एक दुसऱ्याला खोटें पाडतो असें दिसतें.

परंतु सगळेच अर्जदार या गृहस्थांसारखे नसतात. आतां अडतीस वर्षांचा एक तरुण घ्या. या वयांत कोष्टकाची सवलत नाहीं. अपंग ठरण्यासाठीं त्याला असें दाखवावें लागतें कीं बसून करावयाचें साधें कामही आपल्याला दिवसभर, आठवडाभर, नेटानें करतां येत नाहीं. तो तसें लिहितो: अर्ध्या तासाहून अधिक बसवत नाहीं, उभें राहवत नाहीं, चित्त एकाग्र होत नाहीं, महिन्यांतले दहा दिवस अंथरुणांत जातात. आणि तोच तरुण दर आठवड्याला बेकारभत्त्याच्या कागदावर लिहितो कीं पूर्ण वेळच्या कामाला मी तयार आहें. येथें मात्र दोन्ही विधानें खरीं ठरविण्यास जागाच उरत नाहीं. तो लबाडच असतो असें मी म्हणत नाहीं. पुष्कळदां तो फॉर्म न वाचतांच चौकोनांत खूण करतो, कारण खूण केली नाहीं तर भत्ता नाहीं, आणि भत्ता नाहीं तर घरभाडें नाहीं.

कारण वाट फार लांब पाहावी लागते. अपंगत्वाच्या पहिल्या निर्णयालाच कित्येक महिने लागतात. पहिला निर्णय बहुतेकांच्या विरुद्ध जातो. मग फेरविचाराचा अर्ज, मग न्यायाधीशांपुढें सुनावणी. त्यांत वर्ष दीड वर्ष सहज निघून जातें. निर्णय अनुकूल झाला तरी अपंगत्वाच्या आरंभापासूनचे पहिले पांच पूर्ण महिने कायद्यानेंच भत्त्यावांचून काढावयाचे. या सगळ्या काळांत त्या माणसानें खावें काय, याचें उत्तर कायद्यांत नाहीं. काम करावें तर तो अपंग नाहीं असें ठरण्याचें भय. न करावें तर उपास. अशा वेळीं राज्याकडून वीस, सव्वीस आठवडे मिळणारा बेकारभत्ता हाच त्याला एकमेव आधार दिसतो. तो त्यासाठीं हात पुढें करतो यांत नवल तें काय?

मग न्यायाधीशांनीं या दुहेरी मागणीकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें? सामाजिक सुरक्षा खात्याच्या मुख्य न्यायाधीशांनीं नोव्हेंबर २००६ मध्यें आपल्या हाताखालच्या न्यायाधीशांना एक पत्रक पाठविलें आणि २०१० सालीं पुन्हां त्याची आठवण दिली. बेकारभत्ता घेतला एवढ्यावरून अपंगत्वाचा हक्क बुडत नाहीं; अनेक गोष्टींपैकीं ती एक गोष्ट समजावी, आणि नुसत्या अर्जापेक्षां त्यामागच्या परिस्थितीकडे अधिक पाहावें, असा त्याचा आशय होता. त्यापूर्वींच, १९९९ सालीं, सर्वोच्च न्यायालयापुढें याच्या जवळचा एक खटला आला होता: क्लीव्हलँड विरुद्ध पॉलिसी मॅनेजमेंट सिस्टिम्स. त्यांतील बाईंना जानेवारी १९९४ मध्यें पक्षाघाताचा झटका आला. त्यांनीं अपंगत्वभत्त्यासाठीं अर्ज केला. पुढें प्रकृति सुधारली, त्या एप्रिलमध्यें कामावर रुजू झाल्या, आणि जुलैमध्यें मालकानें त्यांना काढून टाकलें. त्यांनीं अपंगांच्या हक्कांच्या कायद्याखालीं फिर्याद केली कीं थोडी सोय करून दिली असती तर मी काम करूं शकलें असतें. मालकाच्या वकिलांचें म्हणणें असें: बाई भत्ता मागतांना 'काम करतां येत नाहीं' म्हणतात आणि न्यायालयांत 'करतां येतें' म्हणतात, यांची फिर्याद ऐकूंच नये. खालच्या न्यायालयांना तें पटलें होतें. सर्वोच्च न्यायालयाला पटलें नाहीं. न्यायमूर्ति ब्रायर यांनीं सर्वांच्या एकमतानें लिहिलेल्या निकालाचें तात्पर्य असें कीं अपंगत्वभत्ता ठरवितांना मालकानें करून द्यावयाच्या सोयींचा विचारच होत नाहीं. म्हणून 'सोयीशिवाय जमत नाहीं' आणि 'सोयीसह जमेल' हीं दोन विधानें एकत्र नांदूं शकतात. मात्र निकालाचें दुसरें अंग वकील लोक कधींकधीं सांगावयास विसरतात. हा दिसणारा विरोध नाहींसा करण्याचा भार न्यायालयानें अर्जदारावरच टाकला. विरोध आहे एवढ्यानें दार बंद होत नाहीं, पण त्याचा समाधानकारक खुलासा तुम्हीं केलाच पाहिजे.

माझ्या मतें साऱ्या विषयाचा गाभा या खुलाशांत आहे. छप्पन्न वर्षांच्या गृहस्थांपाशीं तो आहे. अडतीस वर्षांच्या तरुणापाशीं तो नाहीं.

आतां एका तिसऱ्या प्रकारच्या माणसाकडे वळूं, कारण लोकांचा सर्वांत अधिक गैरसमज त्याच्याविषयीं आहे. अपंगत्वभत्ता चालू झाल्यावर मनुष्यानें काम करूं नये असें कायदा म्हणत नाहीं; उलट त्यानें करून पाहावें असेंच म्हणतो. साठ महिन्यांच्या अवधींत नऊ महिने त्याला काम 'अजमावून' पाहतां येतें आणि त्या नऊ महिन्यांत मिळकत कितीही झाली तरी भत्ता चालू राहतो. २०२५ सालीं ज्या महिन्यांत १,१६० डॉलरांहून अधिक मिळकत झाली तो महिना या नवांत धरला जाई. त्याहून थोडें थोडें मिळवीत राहणारा मनुष्य तर वर्षानुवर्षें भत्ता आणि अर्धवेळ नोकरी दोन्ही संभाळूं शकतो. आतां अशा माणसाची ती अर्धवेळ नोकरी त्याच्या दोषावांचून गेली. मालकानें त्याच्या नांवेंही बेकारी विम्याचा कर भरलेला होता. मग इतर कामगारांप्रमाणें त्याला बेकारभत्ता कां मिळूं नये?

विस्कॉन्सिन राज्यानें मात्र २०१३ सालीं कायदा केला कीं अपंगत्वभत्ता घेणाऱ्यास बेकारभत्ता मिळणार नाहीं. दुहेरी लाभ बंद केला, असें त्याचें समर्थन. परंतु ज्यांनीं सरकारच्याच सांगण्यावरून धडपड करून थोडें काम मिळविलें होतें, त्यांनाच त्या कायद्यानें चोरांच्या पंक्तीला बसविलें. अखेर जुलै २०२४ मध्यें तेथील मध्यवर्ती न्यायालयाच्या न्यायाधीशांनीं निकाल दिला कीं ही बंदी अपंगांविरुद्ध भेदभाव करते आणि अपंगांच्या हक्कांच्या कायद्याचा भंग करते. मधल्या अकरा वर्षांत ज्यांचे अर्ज परत गेले त्यांचे ते दिवस निकालानें परत येणार नव्हते, ही गोष्ट वेगळी.

हा दुहेरी लाभ एकंदर किती मोठा आहे, तेंही सांगितलें पाहिजे, कारण वर्तमानपत्री मथळ्यांतून त्याचें चित्र अवाढव्य होतें. काँग्रेसच्या हिशेब-तपासणी कार्यालयानें २०१२ सालीं याची मोजणी प्रसिद्ध केली. २०१० या आर्थिक वर्षांत १,१७,००० लोकांनीं दोन्ही भत्ते एकाच वेळीं घेतले होते, आणि ती रक्कम ८५ कोटी डॉलरांहून अधिक होती. माणशीं सरासरी सात हजार डॉलरांच्या थोडी वर. तें वर्ष मोठ्या मंदीचें. तरीही दोन्ही विम्यांच्या एकूण लाभार्थींत या लोकांचें प्रमाण शेंकडा एकाहूनही कमी होतें. त्याच अहवालानें हेंही मान्य केलें होतें कीं कांहीं परिस्थितींत असें दोन्हींकडून घेणें कायदेशीर आहे. पुढें अध्यक्ष ओबामा यांच्या अंदाजपत्रकांतूनही हा दुहेरी भत्ता कमी करण्याची सूचना आली, काँग्रेसमध्यें विधेयकें मांडलीं गेलीं. आंकडा लहान असला तरी त्यावर दोन्ही पक्षांना एकमतानें रागावतां येतें, ही त्याची मोठी सोय आहे.

ज्यांच्या घरीं हा प्रश्न खरोखरीच उभा आहे त्यांच्यासाठीं कांहीं गोष्टी उघड सांगतों. बेकारभत्ता ही 'मिळकत' नव्हे, म्हणून त्यामुळें अपंगत्व-विम्याची रक्कम कमी होत नाहीं. पण त्याच कचेरींतून निर्धन अपंगांना व वृद्धांना मिळणारें जें पूरक साहाय्य आहे, १९७४ पासून सुरू झालेलें, त्याचा नियम उलट आहे; त्यांत महिन्याचे पहिले वीस डॉलर सोडून बेकारभत्त्याचा प्रत्येक डॉलर वजा होतो. दोन्ही योजनांचीं नांवें इतकीं सारखीं आहेत कीं शिकलेले लोकही फसतात. दुसरें असें कीं खोटी माहिती देऊन बेकारभत्ता घेतल्याचें ठरलें तर घेतलेली रक्कम तर परत द्यावी लागतेच, वर निदान पंधरा टक्के दंड बसतो. आणि रकमेहून मोठें नुकसान विश्वासाचें. सुनावणीच्या वेळीं दुखण्याविषयीं पुष्कळशी साक्ष अर्जदाराच्या तोंडचीच असते. वेदना क्ष-किरणांत दिसत नाहींत. एका कागदावरचें विधान खोटें ठरलें, कीं न्यायाधीश दुसऱ्या कागदावरच्या वेदनेवरही विश्वास ठेवीत नाहींत.

तेव्हां दोन्ही फॉर्मांवर एकच हकीकत लिहावी. 'समर्थ आहें' अशा नुसत्या खुणेवर थांबूं नये. फॉर्मांत जागा असल्यास तेथें, नसल्यास कचेरीला पत्र लिहून, किती वजन उचलतां येतें, किती वेळ बसतां येतें, पूर्ण वेळ जमेल कीं अर्धा वेळ, हें स्पष्ट नोंदवावें. अर्धवेळ काम शोधणाऱ्यालाही भत्ता देणारीं कांहीं राज्यें आहेत, न देणारींही आहेत. हें आधीं विचारून घ्यावें. कांहीं ठिकाणीं डॉक्टरांचा दाखला मागतात. तो अपंगत्वाच्या अर्जाला जोडलेल्या दाखल्याशीं जुळला पाहिजे. कामासाठीं कोठें कोठें अर्ज केले त्याची यादी जपून ठेवावी, आणि बसून करावयाच्या कामापुरती शक्ति असतां गवंड्याच्या हाताखालच्या कामासाठीं अर्ज करूं नये. प्रकृति ज्या दिवशीं आणखी खालावली त्या दिवशीं बेकारभत्त्याच्या कचेरीला तसें कळवावें. कित्येकदां वकील असाही मार्ग काढतात कीं अपंगत्वाच्या आरंभाची तारीख बेकारभत्ता संपल्यानंतरची धरावी. त्यांत कांहीं महिन्यांची थकबाकी सोडावी लागते, पण दोन सह्यांचा झगडा मिटतो.

हीच अडचण इतर देशांनीं कशी टाळली, तें थोडक्यांत पाहूं. इंग्लंडमध्यें बेव्हरिज यांच्या १९४२ च्या अहवालानंतर जी योजना ५ जुलै १९४८ पासून अमलांत आली तींत आजारपणाचा आणि बेकारीचा भत्ता मुद्दामच सारखा ठेवला होता. एकट्या माणसाला आठवड्याला २६ शिलिंग. दोन्ही एका वेळीं मिळत नसत, आणि एक सोडून दुसरा घेण्यांत कांहीं लाभही नसे. मग भांडण कशाचें? १९७१ सालीं दीर्घकाळच्या आजारासाठीं निराळा, मोठा भत्ता आला, आणि पुढें कोळशाच्या खाणी बंद पडल्या तेव्हां त्या भागांतील हजारो माणसें बेकारांच्या यादींतून आजाऱ्यांच्या यादींत सरकलीं. २०१३ पासून तेथें सुरू झालेल्या एका भत्त्यानें प्रश्नाचें स्वरूपच बदललें आहे. तुम्हांला काम करतां येतें कीं नाहीं हें तो विचारीतच नाहीं. अपंगत्वामुळें जो जादा खर्च येतो, त्याच्यासाठीं तो आहे. म्हणून नोकरींत असलेला मनुष्यही तो घेऊं शकतो, आणि बेकार मनुष्यही.

आपल्याकडे १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्यांत याविषयीं एक कलम होतें: एकाच काळासाठीं आजारपणाचा लाभ आणि तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ असे दोन्ही घेतां येणार नाहींत; मात्र त्यांतला कोणता घ्यावा हें कामगारानें स्वतः निवडावें. निवड अधिकाऱ्यावर न सोडतां कामगारावर सोडली, ही त्यांतील चांगली गोष्ट. बेकारभत्ता आपल्या विम्यांत फार उशिरां आला. १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेखालीं तो देण्यास आरंभ झाला, आणि त्याच्या अटी वाचतांना मला मौज वाटली. कारखाना बंद पडणें व कामावरून कमी होणें हीं तर कारणें होतींच. पण कामाबाहेरच्या इजेनें निदान चाळीस टक्के कायमचें अपंगत्व येऊन नोकरी गेली, तर तेंही बेकारभत्त्याचें कारण धरलें होतें. अमेरिकेंत जी गोष्ट बेकारभत्त्याला आड येते तीच येथें त्याचा दरवाजा झाली! विमा उतरलेल्यांची संख्या आपल्याकडे एकूण कामकऱ्यांच्या मानानें थोडी, हें खरें; पण शब्द निवडतांना आपल्या माणसांनीं आजारी बेकाराला विसरलें नाहीं, एवढें श्रेय त्यांना द्यावयास हरकत नाहीं.

जातां जातां त्या छप्पन्न वर्षांच्या गृहस्थांची सुनावणी पाहूं. खोली लहान आहे. न्यायाधीशांच्या पुढ्यांत बेकारभत्त्याच्या नोंदी आहेत, आणि ते विचारतात:

"आपण काम करण्यास समर्थ आहां, असें सव्वीस आठवडे लिहून दिलेंत. तें खरें होतें काय?"

"होय, साहेब. वीस पौंडांच्या आंतल्या कामाला मी समर्थ होतों. दोन्ही कागदांवर तेंच लिहिलें आहे."

"काम शोधलेंत?"

"चाळीस ठिकाणीं. ही यादी. दोघांनीं भेटीला बोलावलें. एकानें वय विचारलें, दुसऱ्यानें पाठीविषयीं विचारलें."

न्यायाधीश यादी चाळतात, ती कागदांत ठेवतात, आणि शेजारीं बसलेल्या व्यवसायतज्ज्ञांकडे वळून पुढचा प्रश्न करतात: या गृहस्थांचें गुदामांतलें काम किती जड होतें, आणि त्यांत शिकलेली कोणती गोष्ट त्यांना आतां दुसरीकडे उपयोगी पडेल?